चिखल बघून चाक

गुलमर्ग किंवा सोलांगला जाऊन आलेल्यांच्या स्टेटसला एक फोटो हमखास असतो. भाड्याचं जॅकेट, भाड्याचे गमबूट आणि खाली स्नो स्कूटर. इन्स्टावर याच्याही पुढचं वाहन दिसतं, स्नो बाइक. धुळीत-मातीत उड्या मारायची मोटोक्रॉस बाइक घेतात, पुढचं चाक काढून तिथे रुंद स्की बसवतात आणि मागच्या चाकाच्या जागी रबरी पट्टा. बाइकवाला मांडीएवढ्या बर्फातून डोंगर चढताना दिसतो, मागे पांढरा फवारा. बघायला भारी वाटतं. पण तो पट्टा कुठला घ्यायचा यावर तिकडचे लोक तासन् तास वाद घालतात. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फाला एक पट्टा लागतो, उन्हानं ओलसर झालेल्याला दुसरा, दाबून घट्ट झालेल्या वाटेवर तिसरा. चुकीचा पट्टा लावला की गाडी पुढे जायच्या ऐवजी स्वतःची कबर खणते.

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत बर्फ मिळतो तो मासळीच्या पेटीत आणि गोळेवाल्याच्या गाडीवर. तरीही हा वाद इथल्या माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये. पायाखालची जमीन वजन पेलत नाही, तेव्हा तिच्यावर काय घेऊन उतरायचं, हा प्रश्न या भागानं काही शतकं सोडवला आहे. इकडे बर्फाऐवजी चिखल होता आणि चिखलाचेही प्रकार होते.

ते प्रकार आधी बघू. पेणहून वडखळकडे जाताना उजव्या-डाव्या हाताला जी सपाट, झाडं नसलेली, बांधांनी आखलेली जमीन लागते, तो खारेपाट. धरमतरची खाडी, पाताळगंगा, अंबा, भोगावती यांनी आणलेला गाळ आणि रोज दोनदा आत येणारी भरती यांनी मिळून ती घडवली आहे. रोह्याकडे कुंडलिकेच्या काठानं खाली रेवदंड्याच्या दिशेला गेलात तर तशीच जमीन भेटते. समुद्राचं पाणी बाहेर ठेवायला माणसांनी माती-दगडाचे बांध घातले, पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला आणि भरतीला आपोआप बंद व्हायला उघाड्या बसवल्या, आणि आतल्या खाजणात भात पिकवायला सुरुवात केली. ही झाली खारी जमीन. तिच्यापासून वर, डोंगराच्या बाजूला, जिथे भरती कधीच पोचली नाही, ती गोडी जमीन. त्याच्याही वर उतारावरची वरकस, तिथे नाचणी, वरी. तीन मैलांच्या अंतरात तीन वेगळ्या माती, आणि पावसात तिन्हींचं वागणं वेगळं.

गोड्या जमिनीत काय करायचं ते शाळेच्या पुस्तकातही असतं. राब भाजायचा, रोपं करायची, पाऊस लागला की शेत नांगरून, पाणी कोंडून, चिखलणी करायची आणि लावणी. चिखलणीचा उद्देश मातीचे कण इतके बारीक करायचा की खाली एक घट्ट थर बसेल आणि पाणी जिरून जाणार नाही. चिखलाच्या तळाशी हा घट्ट थर असतो, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे चाकाच्या वेळी लागेल.

खाऱ्या जमिनीत मात्र नांगरच चालत नसे. १८८३ साली छापलेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये (रायगड हे नाव १९८१ चं, त्याआधी हा कुलाबा जिल्हा) खाऱ्या भातशेतीचं वर्णन आहे. नांगरणी नाही, लावणी नाही. जूनमध्ये जमीन पावसानं पुरती भिजली की चिखलात बी फेकायचं. पाणी जास्त साचलं असेल तर बी आधी भिजवून, ढीग करून मोड आणायचे आणि मग पाण्यावर फेकायचं. आज कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकांमध्ये हीच 'रहू पद्धत' म्हणून भेटते.

इंग्रज अधिकाऱ्यांना हा थोडासा आळस वाटला असण्याची शक्यता आहे. हा आळस अजिबात नव्हता. पहिल्या पावसात वरच्या चार-सहा इंचांतलं मीठ धुऊन खाली जातं किंवा उघाडीतून बाहेर पडतं. खालचा थर खाराच राहतो. अशा वेळी नांगर घातला तर खालची खारी माती वर येणार आणि कोवळा मोड जळणार. म्हणून या मातीवर जितकं कमी वजन, जितकी कमी ढवळाढवळ, तितकं बरं. अनवाणी माणूस, त्याच्या काखेत बियाणाची टोपली, बस. खारेपाटातल्या शेतकऱ्यानं अवजार निवडताना पहिला निर्णय घेतला तो अवजार बाहेर ठेवण्याचा. त्यानं निवडलेलं बीही तसंच होतं. काळा राता, भुरा राता हे इथले जुने, तांबड्या तांदळाचे, मीठ सोसणारे भात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात पुढे याच जातींवर काम झालं आणि 'काळा राता १-२४', 'भुरा राता ४-१०' अशी नंबराची नावं त्यांना मिळाली.

आता थोडं गणित. कुठलीही मऊ जमीन तुम्हाला पेलेल की नाही, हे तुमच्या वजनावर ठरत नाही, ते वजन किती जागेवर पसरलंय यावर ठरतं. उभा माणूस जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो दाब देतो. घोडा दीड किलोहून जास्त. मोटार सुमारे दोन किलो. डोंगरात चालवायची सायकल, जी एका हातानं उचलता येते, ती बारीक टायरमुळे मोटारीपेक्षाही जास्त. आणि वीस टनांचा पट्ट्यांचा बुलडोझर? साधारण माणसाइतकाच, अर्धा किलो आणि वर थोडंसं. स्नो स्कूटर तर माणसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा दाब देते. म्हणून जिथे चालणारा माणूस कमरेपर्यंत आत जातो तिथून ती दीडशे-दोनशे किलोंचं धूड घेऊन तरंगत जाते.

पण दाब हा अर्धाच भाग. आत गेलेला पाय बाहेरही काढावा लागतो. घोड्याचा खूर गोल आणि एकसंध. चिखलात रुतला की खाली पोकळी तयार होते आणि चिखल तो ओढून धरतो. बैलाचा, रेड्याचा खूर दोन भागांत फाटलेला. वजन पडलं की दोन्ही बोटं फाकतात, म्हणजे तळवा मोठा होतो. पाय उचलताना ती मिटतात, खूर अरुंद होतो, बाजूनं हवा शिरते आणि पाय सुटतो. कोकणात चिखलणीला रेडे पसंत करत ते यामुळेच. बैल चपळ, पण जिथे गुडघाभर चिखल आणि दिवसभर पाणी, तिथे रेडा. रुंद खूर, पाण्याची हौस आणि स्वभाव सावकाश. जनावर निवडणं हीच त्या काळची 'पट्टा' निवडण्याची पद्धत होती, आणि ती निवड माती बघून होत असे. एकच जोडी ठेवणं परवडणारा माणूस आपल्या जमिनीत गोडी किती आणि खारी किती याचा हिशेब करूनच बाजारात जायचा.

रोह्यात या हिशेबात विसाव्या शतकात एक नवी गोष्ट घुसली. १९२७ मध्ये टाटांचं भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. मुळशीत अडवलेलं, सह्याद्रीच्या पलीकडे पूर्वेला वाहून जाणारं पाणी डोंगरातून खाली कोकणात येऊ लागलं आणि वीज करून झाल्यावर कुंडलिकेत पडू लागलं. पावसाळी नदी बारमाही झाली. मुळशीच्या लोकांनी त्यासाठी जे गमावलं आणि सेनापती बापटांनी जो सत्याग्रह केला, तो स्वतंत्र विषय आहे. इकडे पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले आणि रोहा-माणगावच्या गोड्या जमिनीत उन्हाळी भात सुरू झालं. म्हणजे वर्षात दोनदा चिखलणी. दुसरी चिखलणी तर भर थंडीत, पावसानं मऊ न केलेल्या, कालव्याच्या पाण्यानं भिजवलेल्या जमिनीत. जनावरावरचा बोजा दुप्पट झाला आणि यंत्राला दार उघडलं गेलं.

यंत्र कुठून आलं, ते बघायला आपल्याला जरा लांब जावं लागेल. चाकाऐवजी पट्टा ही कल्पना प्रत्यक्ष कामाला लागली ती तीन-चार वर्षांच्या अंतरानं दोन ठिकाणी, आणि गंमत म्हणजे एक ठिकाण बर्फाचं, दुसरं चिखलाचं. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात, ॲल्विन लोम्बार्ड नावाच्या माणसानं १९०१ मध्ये लाकडं ओढायच्या वाफेच्या इंजिनाचं पेटंट घेतलं. मागे लोखंडी पट्टे, पुढे घसरगाडीसारखे स्लेज. एक माणूस सगळ्यात पुढे उघड्यावर बसून, थंडीत कुडकुडत, ते स्लेज वळवायचा. नीट बघा: मागे पट्टा, पुढे स्की. आजच्या स्नो बाइकची मांडणी हीच.

दुसरं ठिकाण कॅलिफोर्निया. स्टॉक्टन गावाजवळ सॅक्रामेंटो आणि सान होआकिन या नद्यांचा त्रिभुज प्रदेश आहे. बांध घालून पाण्यातून काढलेली जमीन, कुजलेल्या गवताची काळी भुसभुशीत माती. म्हणजे थोडक्यात त्यांचा खारेपाट. बेंजामिन होल्ट तिथे वाफेचे ट्रॅक्टर विकत असे आणि ते रुतत. त्यानं सगळ्यांना सुचेल तेच केलं: चाकं रुंद केली. मग आणखी रुंद. शेवटी एका ट्रॅक्टरची एकूण रुंदी ४६ फुटांवर गेली, म्हणजे चांगल्या दुमजली घराच्या दर्शनी भिंतीएवढी. ते धूड वळवणार कसं आणि पुलावरून नेणार कसं? तेव्हा त्यानं मागची चाकं काढली आणि लाकडी फळ्या जोडलेल्या साखळीचे पट्टे बसवले. २४ नोव्हेंबर १९०४ ला त्याची चाचणी झाली. फोटो काढायला आलेल्या माणसाला ते चालणं सुरवंटासारखं वाटलं, म्हणून नाव पडलं कॅटरपिलर. १९१० मध्ये ते नोंदवलं गेलं, १९२५ मध्ये त्याच नावाची कंपनी झाली. मधल्या काळात पहिल्या महायुद्धाच्या खंदकांनी या पट्ट्याला रणगाड्याखाली नेलं. पण त्याचा जन्म शेतकऱ्याच्या चिखलातला, हे रणगाड्यांच्या माहितीपटांत फारसं सांगत नाहीत.

आणि मग कॅनडा. क्वेबेकमधल्या व्हाल्कूर गावचा मेकॅनिक जोसेफ-आर्मां बोंबार्डिए बर्फावर चालणारी गाडी बनवण्याच्या नादात होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्यानं आजारी पडला. रस्ते बर्फानं बंद. बापाची गाडी गॅरेजमध्ये सुटी करून ठेवलेली. दवाखान्यात पोचता आलं नाही आणि मुलगा गेला. १९३७ मध्ये बोंबार्डिएला रबरी पट्टा आणि तो फिरवणाऱ्या दातेरी चाकाचं पेटंट मिळालं, सात माणसं बसतील अशी बर्फगाडी बाजारात आली, आणि तिचे गिऱ्हाईक कोण, तर गावोगावचे डॉक्टर, टपालवाले, शाळा. एका माणसाची हलकी स्कूटर, स्की-डू, १९५९ ची. खेळ म्हणून बर्फावर भटकणं त्यानंतरचं. स्नो बाइक तर कालपरवाची गोष्ट. आयडाहो राज्यातल्या टिंबरस्लेड या छोट्या कंपनीनं मोटरसायकलला जोडायचे पट्ट्याचे संच आणले आणि २०१५ मध्ये पोलारिसनं ती कंपनीच विकत घेतली.

बोंबार्डिएची गोष्ट वाचताना पेण तालुक्यातली कुणीही व्यक्ती वरच्या डोंगराकडे बघेल. तिथल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर रस्ता नसल्यानं पावसाळ्यात आजारी माणसाला, बाळंतिणीला चादरीच्या डोलीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन खाली आणावं लागतं. या बातम्या गॅझेटियरच्या काळातल्या नाहीत, तुमच्या मोबाइलवर येणाऱ्या आहेत. उतारावरची लाल निसरडी माती, वाहते ओहोळ, मधेच कातळ. दर शंभर पावलांवर जमीन बदलते. अशा वाटेवर अजून तरी चार अनवाणी माणसांच्या आठ पावलांएवढं भरवशाचं वाहन कुणी बनवलेलं नाही. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी ते जमीन तपासतं आणि बोटं रोवतं. वाहन म्हणून हे कौतुकाचं आहे, पण २०२० च्या दशकात ते लागावं ही लाज आहे.

खाली शेतात मात्र यंत्र उतरलं. कोकणातली खाचरं लहान, बांध उंच, वळायला जागा नाही. त्यामुळे मोठ्या ट्रॅक्टरच्या आधी इथे पॉवर टिलरचं जमलं. जपानच्या भातखाचरांसाठी घडलेलं हे दोन चाकांचं, हातानं धरून मागे चालत जायचं यंत्र. आपल्याकडे १९६७ मध्ये बंगळुरूला व्हीएसटी कंपनी मित्सुबिशीच्या सहकार्यानं ते बनवू लागली. रस्त्यानं जाताना त्याला रबरी टायर असतात. शेताच्या बांधावर आलं की टायर काढतात आणि लोखंडी चाकं चढवतात. ही लोखंडी चाकं, म्हणजे केज व्हील, बघितली नसतील तर अशी कल्पना करा: दोन-तीन लोखंडी कड्या आणि त्यांना आडव्या जोडलेल्या पट्ट्या. मधे सगळं मोकळं, पिंजऱ्यासारखं. ट्रॅक्टरला तर मागच्या टायरच्या शेजारी असा पिंजरा बोल्टनं जोडतात, टायर तसाच राहतो.

आता मघाचा घट्ट थर आठवा. लोखंडी चाक चिखलावर तरंगायचा प्रयत्नच करत नाही. ते त्यातून खाली जातं, तळाच्या घट्ट थराला टेकतं आणि आडव्या पट्ट्यांनी चिखल मागे ढकलत पुढे सरकतं. वल्ह्यासारखं. जाता जाता चिखलणीही होते. गोड्या जमिनीत हे झकास चालतं. पण खाऱ्या खाजणात, जिथे चार फूट खालीही गाळच आहे, तिथे टेकायला काहीच नाही. तिथे हेच चाक गाडीला आणखी खोल नेतं. तिथे हवी तरंगण्याची युक्ती, म्हणजे पट्टा किंवा फळी. आणि डांबरी रस्त्यावर तर लोखंडी चाक सगळ्यात वाईट, रस्त्यावर उकरलेल्या रेघा सोडत जातं आणि त्यावरून गावात भांडणं होतात.

शिवाय चिकणमातीची एक खोड आहे. वाळूत रुतलेल्या गाडीवर वजन वाढवलं तर पकड थोडी वाढते, कारण वाळूचे कण एकमेकांवर घासून धरतात. चिकणमातीत वजनाचा उपयोग जवळजवळ शून्य. ती धरते चिकटपणानं, आणि चिकटपणा किती मिळेल ते चाकाखाली किती क्षेत्रफळ आहे त्यावर. म्हणून रुतलेल्या ट्रॅक्टरवर चार पोरं चढून नाचली की वाळूत कदाचित काही होईल, खारेपाटात फक्त चार पोरं आणि ट्रॅक्टर मिळून खाली जातील. पोलंडहून आधी कॅनडा आणि मग अमेरिकेत गेलेले मेचिस्वाव बेकर यांनी १९५६ मध्ये या सगळ्या गोष्टींवर पहिलं मोठं शास्त्रीय पुस्तक लिहिलं आणि नंतर चंद्रावर चालवलेल्या गाडीच्या चाकांसाठी त्यांचंच ज्ञान कामाला आलं. त्यांच्या समीकरणांत दोन मुख्य आकडे असतात, एक मातीच्या चिकटपणाचा आणि एक कणांच्या घर्षणाचा. रेडा घेताना खारी किती आणि गोडी किती याचा हिशेब करणारा पेणचा शेतकरी हेच दोन आकडे पायाच्या अंगठ्यानं मोजत होता.

एवढं समजलं की बर्फावरच्या पट्ट्याची निवड सोपी होते. नुकताच पडलेला कोरडा, खोल बर्फ म्हणजे तळ नसलेलं खाजण. तिथे लांब आणि रुंद पट्टा, म्हणजे वजन पसरेल, आणि त्यावर उंच पाती, अडीच-तीन इंचांची, म्हणजे सैल बर्फात वल्ही मारता येतील. गाड्या जाऊन जाऊन घट्ट झालेली वाट म्हणजे डांबरी रस्ता. तिथे उंच पाती वाकतात, थरथरतात, इंजिनाची ताकद खातात. तिथे इंच-सव्वा इंचाची पाती आणि आखूड पट्टा पुरे, वळायलाही सोपा. वसंतातला ओला जड बर्फ म्हणजे आपली चिखलणी. तो पात्यांमध्ये ठासून बसतो आणि पट्ट्याचा गुळगुळीत रूळ होऊन जातो. लोखंडी चाकाचा पिंजरा चिकट मातीनं भरला की त्याचंही असंच पिंप होतं, आणि मग उतरून काठीनं माती काढत बसावं लागतं. त्यामुळे तिथे पात्यांमधलं अंतर महत्त्वाचं, माती असो की बर्फ, बाहेर पडायला वाट हवी. निव्वळ गोठलेल्या बर्फावर धातूचे खिळे लावलेला पट्टा. पण तिथे एक वेगळीच अडचण येते. पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्टीवरून घसरतो तिला उडणारा भुगाच थंड ठेवतो आणि वंगण देतो. कडक बर्फावर भुगा उडत नाही आणि ती पट्टी तापून वितळायला लागते. जमीन जास्त चांगली मिळाली म्हणून यंत्र बिघडलं, असं उदाहरण एरवी क्वचितच सापडेल.

आणि सगळ्या प्रकारच्या बर्फाला चालेल असा एकच पट्टा? विकणारे तसं म्हणतात. पॉवर टिलर विकणारेही म्हणतात.

पट्टा पेण-रोह्यात रोजच्या बोलण्यात आला तो वेगळ्याच वाटेनं. कुठल्याही गावातल्या लहान पोराला विचारा, जेसीबी आणि पोकलेन यात फरक काय. तो सांगेल, जेसीबीला टायर, पोकलेनला चेन. ही दोन्ही मुळात कंपन्यांची नावं. जेसीबी इंग्लंडची, आपल्याकडे १९७९ पासून हरियाणात बनू लागली. पोक्लॅं फ्रान्सची. ती मूळची शेतीची अवजारं दुरुस्त करणारी, १९५१ मध्ये तिनं हायड्रॉलिक खोदयंत्र काढलं, पुढे लार्सन अँड टुब्रोनं परवाना घेऊन ते भारतात बनवलं. आता ती नावं मराठी नामं झाली आहेत आणि त्यांच्यातली निवड हा रोजचा व्यवहार. नळाचं खोदकाम, घराचा पाया असेल तर जेसीबी, रस्त्यानं स्वतः पळत येते. खाजणातलं काम असेल तर पोकलेन, ट्रेलरवर घालून आणावं लागलं तरी.

आणि खाजणातलं काम संपत नाही. बांध हा खारेपाटाचा जीव. पूर्वी त्याची डागडुजी शिलोत्रीच्या पद्धतीनं, खोत-सावकारांच्या देखरेखीखाली, आणि खरं तर कुळांच्या अंगमेहनतीनं व्हायची. शेजारच्या अलिबाग खारेपाटात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली सुरू केलेला आणि सहा वर्षं चाललेला संप ज्या व्यवस्थेविरुद्ध होता, तीच ही व्यवस्था. स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला, जमीन कसणाऱ्याची झाली. बांध कुणाचा, हा प्रश्न उरला. १९४८ च्या मुंबई खारभूमी कायद्यानं आणि नंतर १९७९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं तो सरकारकडे गेला. तेव्हापासून उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली की अर्ज, मोर्चा, पंचनामा, निविदा. तोवर प्रत्येक भरतीला खारं पाणी आत. एकदा शेत खारं झालं की पुढची दोन-तीन वर्षं भाताची आशा सोडायची. पूर्वी खांड पडली की रात्रीत अख्खं गाव पेंढा, माती, दगड घेऊन उतरायचं, असं जुनी माणसं सांगतात. त्या आठवणीत थोडी साखर असेल, आणि त्या रात्री वेठीच्याही असत. पण चिखलात शंभर माणसं उतरू शकतात आणि एक डंपर उतरू शकत नाही, हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे.

डंपर उतरवण्याचा दुसरा उपाय म्हणजे चिखलच नाहीसा करणं. डोंगर फोडून मुरूम आणायचा, खाजणात टाकायचा, रोलर फिरवायचा. चाक जमिनीसारखं करण्याऐवजी जमीन चाकासारखी. धरमतरच्या काठचे कारखाने, गोदामं अशाच भरावावर उभी आहेत. २००८ मध्ये महामुंबई सेझसाठी पेणची जमीन मागितली गेली, तेव्हा २१ सप्टेंबरला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं आणि बहुसंख्यांनी जमीन द्यायला नकार दिला. सेझ झाला नाही. भराव मात्र तुकड्या-तुकड्यानं चालूच आहे. आणि तो नेहमी टिकतोच असं नाही. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा महामार्ग रुंद करायला २०११ मध्ये घेतला. त्यानंतरच्या कितीतरी पावसाळ्यांत वडखळ-नागोठणे पट्ट्यात गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्यांनी कुठल्या प्रकारच्या चिखलातून गाड्या काढल्या, ते त्यांनाच विचारा. तिथे केज व्हील लावायची सूचना मी गंभीरपणे करू शकतो.

भरावाखाली गेलेलं खाजण आपला हिशेब दुसरीकडे वळवतं. भरतीचं पाणी कुठेतरी जाणारच. ते शेजारच्या बांधावर चढतं. मग तिथे खांड पडते आणि पोकलेन बोलावलं जातं.

ते येतं तेव्हा बघण्यासारखं असतं. ट्रेलर डांबरावर थांबतो, कारण पुढे त्याची चाकं रुततील. पोकलेन चेनवर खाली उतरतं आणि बांधावरून खांडीकडे जायला लागतं. बांध अरुंद असला, ओला असला, तर ऑपरेटर खाली उतरून टाच दाबून बघतो. टाच फार आत गेली तर चेनही पुरत नाही. मग जाड लाकडी ओंडके बांधून केलेल्या फळ्या येतात. त्या पुढे अंथरतात, यंत्र त्यांच्यावर चढतं, दोन पावलं जातं, थांबतं, कंबरेत वळतं, मागे मोकळी झालेली फळी बकेटनं उचलतं, पुन्हा वळून ती पुढे टाकतं. मग त्या फळीवर चढतं. होल्टच्या साखळीत लाकडी फळ्या अशाच एकीमागून एक पुढे येऊन पडत. भरती लागायला दीड तास असला, तर या चालीनं ते खांडीपर्यंत पोचून पहिल्या पाच-पन्नास बकेट माती टाकू शकतं. बांधावर उभ्या असलेल्यांचं लक्ष यंत्राकडे कमी आणि खाडीच्या पाण्याकडे जास्त असतं.